लाइनवर कोण आहे

ओतिलिया बेन्तांकोर. पायसान्दूचं टेलिफोन एक्स्चेंज,
रात्रपाळी, खुर्ची क्रमांक चार.
स्वयंपाक तिला कुणी शिकवला नाही.
आई लहानपणीच गेली. मावशीकडे चूल होती,
पण मावशी चुलीपाशी कुणाला उभं करायची नाही.

साल्तोहून मोन्तेविदेओला ट्रंक कॉल, तीन मिनिटं.
लग्न होऊन गेलेल्या मुली विचारायच्या,
आई, रस्सा पातळ झालाय, आता काय करू?
आणि आया भरभर सांगायच्या, मिनिटाला पैसे पडतात म्हणून:
कांदा आधी. नाही गं, त्याच्याही आधी.
तमालपत्र एकच, आणि मोडू नकोस ते.
उतू जायच्या आधी दूध आवाज करतं, तो ऐक.
ओतिलिया प्लग धरून बसायची, श्वास रोखून.
तिसरं मिनिट संपलं तरी
तिचा हात जरा उशीरच करायचा.

हाताला चव असते म्हणतात.
तिच्या कानाला होती.

पुढे आपोआप जोडणारी यंत्रं आली,
खुर्च्या एक ते नऊ घरी गेल्या.
तिने राजधानीत टीव्हीच्या कचेरीत बोर्ड धरला,
आणि एका गुरुवारी जादूगार आलाच नाही.
पंधरा मिनिटं रिकामी, प्रक्षेपण थेट.
कुणीतरी म्हणालं, ती फोनवाली बाई डबा फार चांगला आणते.

मी तिथे केबली गुंडाळायचो, सतरा वर्षांचा.
तिने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही.
सवयीने एका कानावर हात ठेवला, म्हणाली,
बोला, काय बिघडलंय?
कस्टर्ड अर्धं बशीत पडलं, अर्धं साच्यालाच चिकटलं.
दिसायला गेलं, ती म्हणाली. चमचा आणा.
चमचा मी नेला. पडद्यावर माझी कोपरापर्यंतची बाही,
तेवढीच माझी कारकीर्द.

तिची बावीस वर्षं.
रंगीत टीव्ही आला तेव्हा ती वैतागली,
आता लोक बघत बसतील, ऐकणार नाहीत.
हॉटेलांतले शिकलेले आचारी पत्रं धाडायचे,
बाईंना सुरी धरता येत नाही.
खरंच येत नव्हती.
ऐकून सगळं येतं, सुरी येत नाही.

मग ते पत्र आलं. साल्तोहून, वहीच्या कागदावर.
भोपळा रात्रभर चुन्याच्या निवळीत,
सकाळी पाकात संत्र्याचं एक पान:
ते पान माझ्या आईचं आहे.
पुराच्या वर्षी तिने मला फोनवर सांगितलं.
लाइनवर आम्ही दोघीच होतो.
आठवड्याने ती गेली. तुम्ही कोण?
खाली सही, नेल्बा इरासाबाल.

ओतिलियाला घास गिळवेना, असं सांगायला बरं वाटलं असतं.
माझ्यासमोर जेवली. दोनदा वाढून घेतलं.

गुरुवारी ओट्यावर भोपळा, आणि ती गप्प.
थेट प्रक्षेपणात चाळीस सेकंद म्हणजे काय असतं
ते दिग्दर्शकाच्या मानेवर दिसत होतं.
मग कानावर हात.
साल्तो, खुर्ची क्रमांक चार बोलतेय.
तुम्ही फोन ठेवलात, आई अजून बोलतच होती.
पान देठासकट घाल, म्हणाली.
मला कळवता आलं नाही. नियम होता.

आणि भोपळा चिरायला घेतला, तसाच, वेडावाकडा.

खरं होतं का ते, मी नंतर विचारलं.
देठ ठेवून बघ, म्हणाली.

साल्तोहून पुन्हा पत्र आलं नाही.
तिच्या जागी उंच टोपीचा एक तरुण आला, परदेशात शिकलेला, चांगला होता.
टेपा महाग, म्हणून पुसून त्यांच्यावर फुटबॉल भरला;
त्यात माझी बाहीही गेली.

परवा भोपळा आणला. चुना मिळायला दोन दुकानं हिंडलो.
देठ ठेवला.
चवीत काडीचा फरक नाही.
पान बाहेर काढताना मात्र
बोट भाजत नाही.